चार धुराड्यांच्या त्या अजस्र बोटी परवडायच्या तरी कशा?

प्राची_२१

सध्या जुन्या प्रवासी आगबोटींबद्दल हाताला लागेल ते वाचतेय, म्हणजे मॉरेटेनिया, ऑलिम्पिक, नॉर्मंडी, क्वीन मेरी वगैरे. फोटो बघावेत तर सगळे पहिल्या वर्गाचे, ते लाकडी कोरीव जिने, काचेचे घुमट, जेवणाचे हॉल. पण मॉरेटेनियावर पहिल्या वर्गाच्या जागा होत्या ५६३, आणि बोट पेटवत होती दिवसाला हजार टनांच्या आसपास कोळसा! एवढ्याशा श्रीमंत लोकांच्या तिकिटांवर हे सगळं चालणं शक्य वाटत नाही. मग पैसे येत कुठून होते? आणि वेगाचा इतका अट्टहास कशासाठी, एक दिवस आधी न्यूयॉर्कला पोचून कंपनीला असं काय मिळत होतं? जाता जाता अजून एक, चौथं धुराडं खोटं असायचं म्हणतात ते सगळ्याच बोटींबाबत खरं आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहा प्लीज.

तांडेल

प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे. फोटोतल्या लोकांनी ही बोट पोसलेली नाही, ती पोसली सरकारी टपालाने आणि खालच्या मजल्यावरच्या लोकांनी.

आधी टपाल. सॅम्युअल क्युनार्डने १८३९ साली ब्रिटिश सरकारकडून अटलांटिकपार टपाल न्यायचं कंत्राट मिळवलं आणि १८४०च्या जुलैत त्याची ब्रिटानिया लिव्हरपूलहून हॅलिफॅक्स आणि बोस्टनला निघाली. प्रवासी आले नाही आले तरी टपालाचे पैसे ठरलेले, त्यामुळे बोट ठरल्या तारखेला सोडणं परवडायचं. बोटींच्या नावाआधी आर.एम.एस. असायचं ते रॉयल मेल म्हणूनच.

पुढे १८९७ला जर्मनांची कैसर विल्हेल्म डेर ग्रोस ही बोट आली, तिने अटलांटिक सगळ्यात वेगाने ओलांडायचा मान हिसकावला आणि १९०२ला अमेरिकन भांडवलदार जे. पी. मॉर्गनच्या कंपनीने व्हाइट स्टार ही दुसरी मोठी ब्रिटिश बोट कंपनी विकत घेतली. आता ब्रिटिश सरकार धास्तावलं. क्युनार्डची कंपनीही हातची जाते की काय म्हणून १९०३ला करार झाला, दोन बोटी बांधायला २६ लाख पौंड कर्ज, तेही नाममात्र व्याजाने, वर दरवर्षी दीड लाख पौंड. अट अशी की २४-२५ नॉटचा (म्हणजे तासाला तितके सागरी मैल) वेग हवा आणि युद्ध झालं तर बोटी नौदलाला द्यायच्या. त्या दोन बोटी म्हणजे लुसिटेनिया आणि मॉरेटेनिया. म्हणजे तुमच्या वेगाच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं, वेगाचे पैसे सरकार मोजत होतं.

आता खालचे लोक. तुम्ही ५६३ लिहिलंत, त्याच बोटीवर तिसऱ्या वर्गाच्या जागा होत्या ११३८. युरोप सोडून कायमचे अमेरिकेला निघालेले लोक हे. १९०७च्या एका वर्षात अमेरिकेत साडेबारा लाखांहून जास्त माणसं उतरली! प्रत्येकाचं तिकीट स्वस्त, पण त्यांना जागा कमी, नोकरचाकर कमी, सजावट तर नाहीच, त्यामुळे दर माणशी उरायचं चांगलं. कंपन्या त्यांची काळजीही घ्यायच्या, कारण न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर तपासणीत कोणी नापास झालं तर त्याला परत न्यायचा खर्च कंपनीच्याच डोक्यावर. म्हणून तर हॅम्बुर्गच्या कंपनीने १९०१ला तिथे प्रवाशांसाठी वेगळ्या इमारती उभारल्या, राहायचं तिथेच, डॉक्टरी तपासणी तिथेच, मगच बोटीत. मला स्वतःला या लोकांबद्दल फार वाटतं. अख्खं घर एका पेटीत बांधून निघालेली माणसं, आणि त्या बोटींच्या इतिहासात त्यांचे फोटो सगळ्यात कमी.

भट्टीसमोर

तांडेल यांच्याशी सहमत, पण खालच्या मजल्याच्याही खाली अजून एक मजला होता, तो सुटला. मॉरेटेनियाला २५ बॉयलर आणि त्यांना १९२ भट्ट्या, टायटॅनिकला १५९. या सगळ्या हाताने, फावड्याने भरायच्या. चार तास काम, आठ तास सुट्टी, परत चार तास, अशी पाळी.

त्यातही कामं वाटलेली असायची. एक भट्टीवाला, तो दार उघडून निखाऱ्यावर कोळसा सारखा पसरणार, लांब सळईने खालची जळून घट्ट झालेली खडी फोडणार, राख ओढून काढणार. कोळसा नुसता फेकून चालत नाही, मध्ये ढीग झाला की तिथे हवा जात नाही आणि कडेला खड्डा पडला की तिथून गार हवा घुसते, दोन्हीकडून वाफ कमी पडते. दुसरा ट्रिमर, तो कोठारातून एकचाकी गाडीने कोळसा आणून भट्टीवाल्याच्या पायाशी ओतणार. कोठारं बोटीच्या कडेने असल्यामुळे एकाच बाजूचा कोळसा उपसला तर बोट कलते, म्हणून दोन्हीकडून मोजून काढायला लागायचा. ऑलिम्पिक आणि टायटॅनिकवर तर किलरॉयचं यंत्र होतं, टोला वाजणार आणि आकडा दिसणार, त्या आकड्याची भट्टी उघडायची. पुढचा टोला पडायच्या आत काम संपलं पाहिजे. वर बँड वाजतोय आणि खाली हा टोला, मला तरी त्या सुवर्णकाळाचं खरं चित्र हेच वाटतं.

धुराड्यांचं असं, सरसकट खोटी नव्हती. लुसिटेनिया-मॉरेटेनियाची चारही खरी. ऑलिम्पिक आणि टायटॅनिकचं चौथं बॉयलरला जोडलेलं नव्हतं, ते हवा खेळती ठेवायला आणि भटारखान्याचा धूर सोडायला. नॉर्मंडीला तीन होती, त्यातलं तिसरं दिखाऊ, आत प्रवाशांच्या कुत्र्यांची सोय केलेली.

आणि कोळशाचा हिशोब वेगाशी कसा बांधलाय तेही बघा. वेग थोडा वाढवायचा तर ताकद साधारण त्याच्या घनाच्या प्रमाणात लागते. मॉरेटेनिया ३२ हजार टनांची, ऑलिम्पिक ४५ हजारांची, तरी ऑलिम्पिकला कोळसा कितीतरी कमी, कारण ती २१ नॉटवर समाधानी होती. मॉरेटेनियाचा वेग जमला तो टर्बाइनमुळे, म्हणजे वाफेच्या झोताने पाती फिरवणाऱ्या इंजिनामुळे. इंजिनीअर पार्सन्सने १८९७ला इंग्लंडमध्ये स्पिटहेडच्या आरमारी संचलनात आपली छोटी टर्बाइनची बोट टर्बिनिया ३० नॉटच्या वर पळवून सगळ्या आरमाराला दाखवली, मग क्युनार्डने दोन जुळ्या बोटी घेतल्या, कॅरोनियात जुनं दट्ट्याचं इंजिन आणि कार्मेनियात टर्बाइन, शेजारी शेजारी चालवून बघितल्या, टर्बाइनवाली सरस ठरली. इतक्या सावधपणे केलेली तुलना वाचून खरंच आदर वाटतो.

घड्याळवाला

वेगाबद्दल थोडं वेगळं मत मांडतो. सरकारी पैसा आणि मान हे १९०७साठी खरं, पण क्वीन मेरीच्या वेळेला वेग हा निव्वळ वेळापत्रकाचा प्रश्न होता. साउथॅम्प्टनहून दर आठवड्याला ठरल्या वारी बोट सुटली पाहिजे आणि त्याच आठवड्यात न्यूयॉर्कहूनही सुटली पाहिजे. २१-२५ नॉटच्या बोटी असतील तर त्याला तीन लागतात. साडेअठ्ठावीस नॉट कायम टिकवला तर दोनच बोटींत भागतं! तिसऱ्या बोटीची बांधणी, तिचे खलाशी, तिचं इंधन, सगळं वाचलं. १९३६ची क्वीन मेरी आणि तिची जोडीदार क्वीन एलिझाबेथ या हिशोबातून आल्यात. मध्ये युद्ध आलं म्हणून जोडीने सेवा चालू व्हायला १९४७ उजाडलं. युद्धात हाच वेग कामी आला, पाणबुडीला गाठता येत नसे म्हणून या बोटी सोबतीच्या ताफ्याशिवाय एकट्या जायच्या. जुलै १९४३ला क्वीन मेरीने एका फेरीत १६,६८३ माणसं नेली.

पण नुसत्या वेगाने हे साधलं नसतं, बंदरातला वेळ कमी व्हायला हवा होता. कोळसा भरायला दिवसच्या दिवस जायचे, सगळ्या बोटीवर काळी धूळ. पहिल्या महायुद्धानंतर ऑलिम्पिक तेलावर नेली तेव्हा तेच काम पाच-सहा तासांवर आलं आणि खालची माणसं ३५० वरून ६० वर. भट्टीसमोर यांनी लिहिलेला तो अख्खा मजला एका झटक्यात रिकामा झाला.

प्राची_२१

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. किलरॉयच्या टोल्याबद्दल कुठेच वाचलं नव्हतं. तांडेल, एक विचारू का? तिसऱ्या वर्गावर एवढं अवलंबून होतं, तर अमेरिकेने १९२१ आणि १९२४ला कायदे करून येणाऱ्यांची संख्या आवळली तेव्हा या कंपन्या बुडाल्या कशा नाहीत?

तांडेल

बुडता बुडता वाचल्या असं म्हणा. तिसऱ्या वर्गाच्या रिकाम्या केबिन रंगवून, टेबलावर कापड घालून 'टूरिस्ट थर्ड' नावाने विकायला काढल्या, आणि उलट्या दिशेने गिऱ्हाईक आलं, म्हणजे सुट्टीत युरोप बघायला निघालेले अमेरिकन शिक्षक, विद्यार्थी. तेवढ्यावर जुनी भरती काही आली नाही. मग मंदी आली, १९३४ला क्युनार्ड आणि व्हाइट स्टार एकत्र झाल्या, तीही सरकारने अर्धवट पडलेल्या क्वीन मेरीसाठी पैसे देताना घातलेली अट होती. नॉर्मंडीमागे फ्रेंच सरकार, ब्रेमेन आणि तिच्या पिढीतल्या जर्मन बोटींमागे जर्मनीची इभ्रत. म्हणजे तिसऱ्या वर्गाचं तिकीट बंद झाल्यावर सगळा भार सरकारी तिजोरीवर आला. १९५२च्या 'युनायटेड स्टेट्स' या बोटीचा बहुतेक खर्चही अमेरिकन सरकारनेच उचलला, कारण लागली तर ती सैन्य नेऊ शकली पाहिजे, आणि तिने पहिल्याच फेरीत ३५.५९ नॉट सरासरीने ३ दिवस १० तास ४० मिनिटांत अटलांटिक ओलांडला. तो विक्रम कुठल्याही प्रवासी लायनरला मोडता आलेला नाही. सहा वर्षांनी, ऑक्टोबर १९५८ला, जेट विमानं त्याच मार्गावर आली, मग क्वीन मेरी १९६७ला थांबली, क्वीन एलिझाबेथ १९६८ला आणि युनायटेड स्टेट्स १९६९ला.