‘व्हॅल्यू बेट’ला मराठीत काय म्हणाल?

अनुस्वार: पोकरमधल्या पैजांवरचं, नवशिक्यांसाठीचं एक पुस्तक मराठीत आणतेय. ‘व्हॅल्यू बेट’पाशी अडकले. मी ‘मूल्य पैज’ लिहिलं, तर संपादकांनी समासात लिहिलं, ‘म्हणजे नक्की काय?’ त्यांचं बरोबर आहे. आपली पानं सरस आहेत आणि समोरच्याने हलक्या पानांवर पैसे घालावेत म्हणून लावलेली ही पैज. ब्लफच्या नेमकी उलट, कारण ब्लफमध्ये त्याने डाव सोडावा हीच इच्छा असते. जोडीने शोभतील असे दोन शब्द हवेत.

जुनीपानं: ‘वसुलीची पैज’. पानं लागली, आता वसुली. ब्लफला ‘थाप’.

मात्रा: थाप तोंडाने मारतात. ब्लफ करणारा अवाक्षर न काढता चिप्स पुढे सरकवतो. ती ‘हूल’. कबड्डीत चढाई करणारा डावीकडे झुकतो आणि उजवीकडचा गडी टिपतो, अगदी तशी. ‘सेमी-ब्लफ’ला ‘अर्धी हूल’ही आपोआप मिळतो. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर पहिली तीन पानं उघडल्यावर, आपली दोन धरून चार बदाम जमलेत, पाचवं यायचंय, तरी पैज लावली. समोरच्याने डाव सोडला तर उत्तम, नाही तर न दिसलेल्या ४७ पानांत ९ बदाम आहेतच.

अनुस्वार: हूल घेतला! ‘पॉटमध्ये, म्हणजे मधे जमलेल्या रकमेत, १०० असताना ५० ची हूल तीनदा देऊन एकदा पचली, तरी तोटा नाही.’ वाचायला छान जमतंय. ‘वसुली’त मात्र जबरदस्तीचा वास येतो. आणि ‘फोल्ड’ला, म्हणजे डाव सोडण्याला, मी ‘पान टाकणे’ केलंय.

बेरीज: ते बदलाच. रमीत, ब्रिजमध्ये पान टाकणं म्हणजे खेळणं. ‘हात’ही जपून वापरा. ‘चांगला हात’ लिहिलंत तर मेंढीकोट खेळलेल्या माणसाला जिंकलेली चार पानं दिसतील.

जुनीपानं: फोल्डला तीन पत्तीतला ‘पॅक’ आहे की. कॉलला ‘चाल’. ब्लाइंड तर तोच शब्द. तयार शब्द सोडून नवे कशाला?

मात्रा: पॅक ठीक, पण बाकीच्या दोन्हींत वाचक फसेल. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पानं न बघता खेळणारा. टेक्सास होल्डम या पोकरच्या प्रकारात ब्लाइंड म्हणजे पानं वाटण्याआधी दोघांनी सक्तीने घालायची रक्कम. माझा मावसभाऊ पहिल्यांदा बिग ब्लाइंडला, म्हणजे त्यातली मोठी रक्कम घालायच्या जागी, बसला, तेव्हा त्याने दोन्ही पानं उलटी ठेवून दिली होती. ‘मी ब्लाइंड ना?’ म्हणाला. चालीचंही तेच. चाल दुप्पट करता येते, कॉल म्हणजे समोरच्याच्या पैजेशी निव्वळ बरोबरी.

बिनहुकमी: मुळात ‘बेट’ला पैज म्हणणंच मला पटत नाही. पैज आली ‘प्रतिज्ञा’वरून. ज्ञानेश्वरांच्या ‘परि अमृतातेंही पैजा जिंके’मधली पैज ही शर्त आहे, तिथे रक्कम कुठे आहे? द्यूतात लावतात तो ‘पण’. ऑल-इनला ‘सर्वस्व पणाला लावणे’ यापेक्षा नेमकं काय मिळणार?

जुनीपानं: ऑल-इनला मान्य. पण ‘पण अर्धा पण लावला तर’ हे वाक्य कोण एका दमात वाचेल? घोड्यावर पैज लावतात, सामन्यावर लावतात. अर्थ कधीच सरकलाय.

बिनहुकमी: सरकला म्हणून जुना टाकून द्यायचा? ‘पणाला लावणे’ आज कळतं, ते लोक लिहीत राहिले म्हणूनच.

अनुस्वार: दोन्ही टिपून ठेवते. ‘चेक’ला, म्हणजे पैज न लावता पाळी पुढे देण्याला, ‘पास’ चालेल? तीन पत्तीत चेक नाहीच, त्यामुळे तिथून उसना घ्यायचीही सोय नाही.

जुनीपानं: आमच्याकडे कुणी बोलतच नाही, टेबलावर बोटांनी दोनदा टकटक करतात. बोलायचंच तर ‘थांबलो’.

मात्रा: ‘थांबलो’ वाचून डाव सोडला असं वाटेल. चेक करणाऱ्याचा हक्क शाबूत असतो. नंतरच्याने पैज लावली, तर बरोबरी करता येते, चढवताही येते. ‘राखलं’ कसं वाटतं?

बेरीज: ‘राखलं’ म्हटल्यावर काय राखलं, असा प्रश्न येईल.

बिनहुकमी: मला आवडला. आणि पैज-पणाचं माझ्या लेखी अजून मिटलेलं नाही.