मदत हवी आहे: नॉर्गेलिंगच्या तिबेटी वसाहतीत कोणाची ओळख आहे का?

नमस्कार मंडळी. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची नॉर्गेलिंग वसाहत आहे. तिथली कुटुंबं इथेच राहायचं की परदेशी जायचं हे कसं ठरवतात, यावर मी पीएचडी करतेय. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ दरम्यान भारतात जन्मलेले कायद्याने भारतीय नागरिकच, तरी अनेक जण निर्वासित म्हणूनच राहतात. आजीला शेत सोडवत नाही, नात पॅरिसची चौकशी करते, अशा घरात काय बोलणं होतं ते मला मनापासून ऐकायचंय.

हिवाळ्यात बरेच जण स्वेटर विकायला बाहेरगावी असतात, मग नेमकं कधी जावं? अर्जुनी मोरगावकडचं कोणी ओळख करून देईल का? आणि कागदपत्रांचा विषय कोणाला न दुखावता कसा काढावा?