न्यूरोलॉजीचा रात्रीचा कॉल: फोनवर किती सांगायचं आणि उठून कधी जायचं?

टॉर्च_आणि_हॅमर
नमस्कार. एमडी मेडिसिन करून आता न्यूरोलॉजी डीएमच्या, म्हणजे एमडीनंतरच्या स्पेशलायझेशनच्या, दुसऱ्या वर्षाला आहे, सरकारी कॉलेज. येत्या एक तारखेपासून नाईटचे कन्सल्ट माझ्याकडे येतायत. म्हणजे कॅज्युअल्टी, मेडिसिन, सर्जरी, गायनॅक, आयसीयू, कुठूनही न्यूरोचा कॉल आला की तो माझा, हाताखाली पहिल्या वर्षाचा एक ज्युनियर आणि सर घरी फोनवर.

खरं सांगायचं तर धास्ती बसलीय आणि तिचं कारण आहे. पहिल्या वर्षाला असताना एकदा पावणेतीनला फोन आला, ५२ वर्षांचा माणूस, चक्कर आणि उलट्या, हातपाय चारही चालतात, सीटी नॉर्मल. मी दोन स्ट्रोकचे पेशंट बघून नुकतीच टेकले होते, फोनवरच चक्करेची गोळी सांगितली आणि सकाळी बघते म्हटलं. सकाळी बघितलं तर त्याला कॉटवर नुसतं बसताही येत नव्हतं, एका बाजूला कलंडत होता. लहान मेंदूचा इन्फार्क्ट, म्हणजे रक्तपुरवठा तुटून झालेला स्ट्रोक, होता, दुपारी सूज वाढली आणि न्यूरोसर्जरीला कवटी उघडावी लागली. वाचला तो, पण मी फोनवर एवढंसुद्धा विचारलं नव्हतं की तो उभा राहतो का.

तर ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, कुठला कॉल फोनवर निभतो आणि कुठल्याला जायचंच? सरांना कधी उठवायचं? पुस्तकातलं नको, ते वाचलंय.

जुना_एसआर
त्या चक्करवाल्या पेशंटचं ओझं मनावर आहे ते दिसतंय, असू दे, ते ओझंच तुला पुढच्या वेळी उठवेल. माझं मत सरळ आहे, न्यूरोचा कॉल फोनवर संपत नाही. फोनवर फक्त एवढंच ठरतं की पळत जायचं की चालत. कारण कॉल देणारा जे सांगतो ते त्याला जेवढं दिसलं तेवढंच असतं, आणि आपला अख्खा विषयच बघण्याचा आहे.

एक केस सांगतो, आयुष्यभर विसरणार नाही. पावसाळ्याचे दिवस, पहाटे पाचला आयसीयूतून कॉल, १९ वर्षांचा मुलगा, तालुक्याहून अँबू (हातानं श्वास द्यायची पिशवी) दाबत आणलेला, जीसीएस ३, म्हणजे शुद्धीचा सगळ्यात खालचा आकडा, प्युपिल (डोळ्यांच्या बाहुल्या) मोठ्या आणि फिक्स, सीटी नॉर्मल, ब्रेन डेथचं बघून जा. नातेवाइकांना जवळजवळ सांगूनही झालं होतं. मी गेलो, सगळं तपासलं, हातपाय लुळे, रिफ्लेक्स नाहीत, काहीच नाही. पण कारण कुठाय? अपघात नाही, रक्तस्राव नाही, ताप नाही, मग १९ वर्षांच्या पोराचा मेंदू मरेल कशानं? बाहेर जाऊन आईला विचारलं, रात्री कसा होता? म्हणाली, जेवला चांगला, मध्यरात्री पोटात दुखतंय म्हणून उठला, मग डोळे उघडेनात, बोलता येईना. झोपला कुठं होता? खाली, सतरंजीवर.

मण्यार. दाताची खूण कुठंच सापडली नाही आणि मण्यारीच्या दंशात ती बरेचदा सापडतच नाही, दुखतही नाही फारसं. आईला आत घेतलं, तिनं नावानं हाक मारली आणि मॉनिटरवर ठोके ९० वरून १२५ च्या पुढं गेले. तो जागा होता. पूर्ण जागा, फक्त एकही स्नायू हलत नव्हता. अँटिव्हेनमच्या १० व्हायल लावल्या, व्हेंटिलेटर चालू ठेवला, वर झोपेचं औषध दिलं कारण तोपर्यंत कुणाला वाटलंच नव्हतं की याला सगळं कळतंय. चौथ्या दिवशी पायाचा अंगठा हलला. बारा-तेरा दिवसांनी चालत घरी गेला आणि जायच्या आधी म्हणाला, डॉक्टर, सगळं ऐकू येत होतं.

आता हा कॉल फोनवर काय सांगून मिटवला असता?

सरांचं म्हणशील तर स्ट्रोकमध्ये थ्रॉम्बोलिसिस (गुठळी विरघळवायचं औषध) देताना, देता येत असून नाही द्यायचं ठरवताना, आणि तू जे बघितलंस ते कशातच बसत नसेल तेव्हा, या तीन वेळी लाव फोन. सर चिडले तर चिडू देत, सकाळपर्यंत विसरतात.

कॅज्युअल्टीतली_मी
मी कॉल देणाऱ्या बाजूची, मेडिसिनची रेसिडेंट. ताई, आमची बाजू पण ऐका. रात्री तीनला आमच्यापुढं सहा ट्रॉल्या असतात, एक मामा (वॉर्डबॉय) सीटीला गेलेला, सिस्टर एकटी, आणि न्यूरोला फोन लावला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, प्लँटर (तळपायाचा रिफ्लेक्स) काय आहे? मी अजून शुगर बघतेय हो. त्यामुळे होतं काय की रागावतील म्हणून आम्ही कॉलच उशिरा देतो आणि मग सकाळी तुम्हीच विचारता आधी का नाही कळवलं.

एका सिनियर मॅडम होत्या, त्या फोन उचलला की दोनच गोष्टी विचारायच्या, पेशंट शेवटचा ठीक कुणी आणि किती वाजता बघितला, आणि शुगर किती. मग म्हणायच्या निघाले, तोवर वजन आणि बीपी घेऊन ठेव. येऊन स्वतः तपासायच्या आणि मला बाजूला उभं करून दाखवायच्या. फिटच्या पेशंटला आम्ही लोराझेपाम २ एमजी देऊन थांबायचो, त्यांनी शिकवलं की मोठ्या माणसाला ४ द्या, अर्धा डोस देऊन फिट थांबत नाही आणि वेळ मात्र जातो. ५ मिनिटं झाली की स्टेटस, म्हणजे आपोआप न थांबणारी फिट, म्हणून धरायचं. फिटचं पुढचं औषध लेव्हेटिरासिटॅमही सगळ्यांना सरसकट १ ग्रॅम नाही, वजनावर, किलोला ६० एमजी, जास्तीत जास्त ४५००. त्या वॉर्डात असायच्या त्या रात्री आम्ही कॉल द्यायला घाबरायचो नाही.

ओहायोतला_सोलापूरकर
इकडे अमेरिकेत न्यूरोची रेसिडेन्सी चार वर्षांची, पहिलं वर्षं बहुतेक मेडिसिनचं, मी शेवटच्या वर्षाला आहे. नाईटला मी सिनियर, बरोबर दुसऱ्या वर्षाची मुलगी. आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा आहे, सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी) दारातच होतो, फोटो अटेंडिंगला, म्हणजे आमच्या सरांना, घरी दिसतात, त्यामुळे तुमच्या अडचणी आणि माझ्या अडचणी एक नाहीत हे मान्य. पण मूळ काम तेच आहे.

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गोंधळ वेळेचा होतो. "आठ वाजल्यापासून" म्हणजे आठला झालं की आठला कुणीतरी बघितलं? नातेवाईक बघितल्याची वेळ सांगतात. थ्रॉम्बोलिसिसची साडेचार तासांची खिडकी पेशंट शेवटचा ठीक होता तिथून मोजायची, म्हणून मी असं विचारतो, शेवटचा बोलला कुणाशी, फोनवर शेवटचा कॉल किती वाजता, टीव्हीवर काय चालू होतं? एका आजींना नातवाच्या मोबाईलमधल्या कॉलच्या वेळेवरून औषध देता आलं. आणि झोपेतून उठल्यावर लक्षात आलेला स्ट्रोक असेल तर लगेच हात टेकू नका, तुमच्याकडे रात्री एमआरआय होत असेल तर काहींना तरीही देता येतं, मोठी नस बंद असेल तर निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत गुठळी काढता येते.

दुसरं म्हणजे जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम), ज्यात नसा बिघडून हातपाय आणि कधी श्वासाचे स्नायूही लुळे पडतात. सॅच्युरेशन ९८ आहे म्हणून गाफील राहू नका, ते सगळ्यात शेवटी पडतं. एका दमात आकडे मोजायला लावा आणि उशीवरून मान उचलायला सांगा. आकडा कागदावर लिहा, दर दोन-तीन तासांनी परत मोजा.

बाबांची_मुलगी
मी डॉक्टर नाही. वडिलांना रात्री दीडला स्ट्रोक झाला तेव्हा एक तरुण डॉक्टर आली होती, तिनं स्टूल ओढून बसून सांगितलं की औषधानं फायदा होऊ शकतो पण मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो, आणि तुम्ही दहा मिनिटं विचार करा असं म्हणायला माझ्याकडे वेळ नाही, आत्ताच सांगा. मी हो म्हटलं. बाबांचा उजवा हात अजून अर्धाच चालतो पण बोलतात. मला तिचा चेहरा आठवत नाही, ते स्टूल आठवतं. तेवढं करा तुम्ही पण.

टॉर्च_आणि_हॅमर
सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय कारण तीन रात्री झाल्या. कॅज्युअल्टीच्या भिंतीवर माझा नंबर लावलाय आणि खाली लिहिलंय, आधी फोन करा, तपासणी मी करते.

काल ऑर्थोमधून कॉल होता, ३० वर्षांचा, दोन दिवसांपासून पाय उचलत नाहीत, मणक्याचं वाटतंय, सकाळी बघितलं तरी चालेल. चालत गेले पण गेले. गुडघ्याचे रिफ्लेक्स नव्हते, लघवी व्यवस्थित होत होती, हातही थोडे ढिले, म्हणजे मणका नाही, जीबीएस वाटला. मोजायला लावलं, एका दमात १९ पर्यंत गेला. दोनला १६. चारला १३ वर थांबला आणि मान उशीवरून उठेना, सॅच्युरेशन तेव्हाही ९७. सरांना उठवलं, आयसीयूत हलवला, साडेसहाला भूल देणाऱ्यांनी शांतपणे ट्यूब घातली. आयव्हीआयजी (जीबीएसवर शिरेतून द्यायच्या अँटिबॉडी) सकाळी सुरू झालं.

सोलापूरकर, आता एक विचारायचंय. ट्यूब घालायच्या आधी तो सारखा विचारत होता की मी झोपलो तर उठेन ना. मी हो म्हटलं. तुम्ही अशा वेळी काय सांगता?