चार स्टिक लावल्यावर डीडीआर५ रॅम ६००० वर चालत नाहीये, ३६०० दाखवतंय

ऐरोलीकर:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि बी६५० मदरबोर्ड आहे, १६-१६ जीबीच्या दोन स्टिक होत्या, डीडीआर५ ६००० सीएल३०, एक्स्पो (रॅम पाकिटावरच्या स्पीडला चालवायचं सेटिंग) ऑन करून मस्त चालल्या, कधी काही झालं नाही. मी ब्लेंडरमध्ये इंटिरियरचे थ्रीडी व्ह्यू करतो, सीन मोठे व्हायला लागले आणि ३२ जीबी पुरेना म्हणून तोच मॉडेल नंबर बघून अजून एक तसाच किट घेतला. चारही लावल्या तर टास्क मॅनेजरमध्ये स्पीड ३६००! आणि एक्स्पो ऑन केलं की स्क्रीन काळी, बोर्डवरचा डीरॅमचा लाइट पेटलेलाच, शेवटी सीमॉस क्लिअर, म्हणजे बोर्डचं सगळं सेटिंग रीसेट करावं लागतं. दुकानदार म्हणतो स्टिक ओके आहेत, बोर्ड दाखवून घ्या. नक्की खराब काय झालंय? ६००० चे पैसे दिलेत हो.

घोडबंदरवाला:
काहीच खराब नाहीये मित्रा, बोर्ड घेऊन सर्व्हिस सेंटरला चकरा मारू नकोस. हा ३६०० आकडा एएमडीनेच दिलेला आहे, ७६०० ला दोन स्टिक असतील तर ५२०० आणि चार असतील तर ३६००, ऑफिशियली एवढंच. पाकिटावरचं ६००० हे त्या पाकिटातल्या दोन स्टिकपुरतं असतं. एक्स्पो म्हणजे रॅममध्येच साठवलेलं ओव्हरक्लॉकचं सेटिंग, त्यात व्होल्टेजसुद्धा साध्या १.१ वरून बहुतेक किटमध्ये १.३५ पर्यंत जातं. चार स्टिक म्हणजे एकेका चॅनलवर (प्रोसेसर आणि रॅममधल्या वाटेवर) दोन-दोन, तिथे सिग्नल स्वच्छ राहत नाही आणि मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असल्यामुळे बोर्ड बदलूनही खात्री नाही. आणि मॉडेल नंबर सेम असला तरी दोन किटमधल्या चिप वेगळ्या निघू शकतात. मला राग येतो तो दुकानांचा, गिऱ्हाईक दुसरा किट मागतं तेव्हा हे एक वाक्य कोणी सांगत नाही.

नेरूळची_एडिटर:
ऐरोलीकर दादा, काळी स्क्रीन आल्यावर थांबलात किती वेळ? डीडीआर५ मध्ये सेटिंग बदललं की पहिल्या बूटला मेमरी ट्रेनिंग (रॅमशी टायमिंग जुळवून घेणं) चालतं, चार स्टिकला त्यात कित्येक मिनिटं जातात आणि तोवर डीरॅमचा लाइट पेटलेलाच असतो, लोक घाबरून मधेच पॉवर बंद करतात. चहा टाका, पिऊन या, मग बघा. तरी नाही झालं तर एक्स्पोचा नाद सोडा आणि स्पीड हाताने ४८०० टाका, ते चाललं तर ५२००. एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारं) १.३ च्या वर अजिबात नेऊ नका, २०२३ मध्ये प्रोसेसर जळाल्याच्या केसेस आल्या त्यानंतर एएमडीने बायोसमधूनच (बोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमधूनच) ती लिमिट घातली. आणि विंडोज उघडलं म्हणजे झालं असं नाही हं, मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर रात्रभर लावा, एक जरी एरर आली तरी स्पीड खाली आणा. क्लायंटची फाइल करप्ट झाली की रडू येतं.

खारघरचा_पीसी:
वरच्या दोघांचं बरोबर आहे पण मी म्हणेन की तुझ्या कामाला आकड्याच्या मागे लागायची गरजच नाही. कागदावर ६००० म्हणजे सेकंदाला ९६ जीबी आणि ३६०० म्हणजे ५७.६, दिसायला फरक मोठा, पण ब्लेंडरच्या सायकल्स इंजिनचं रेंडर बहुतेक वेळा प्रोसेसर नाहीतर ग्राफिक्स कार्डवर अडतं. रॅम भरून सगळं एसएसडीवर जायला लागलं की जे हाल होतात त्यापुढे हे काहीच नाही, म्हणजे ३६०० वरचे ६४ जीबी हे ६००० वरच्या ३२ पेक्षा तुला बरेच. गेमिंगवाला असतास तर उलटं सांगितलं असतं. दोन्ही हवंच असेल तर एकच मार्ग, ३२-३२ चा दोन स्टिकचा किट घे आणि दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये लाव. लॅमिंग्टन रोडला घेतला असशील तर बदलून देतात का विचार, जुना किट विकायचा तर इथे ठाण्या-वाशीत लगेच जाईल. आणि हो, सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ६००० ऐवजी ३००० दिसलं तर घाबरू नकोस, डबल डेटा रेट असल्याने ते निम्मंच दाखवतं.

ऐरोलीकर:
खूप आभार सगळ्यांचे. ताई म्हणाल्या तसं थांबलो, ६००० ला तरीही नाहीच आलं पण ४८०० ला बूट झालं, आज रात्री मेमटेस्ट लावतोय. दुकानदाराशी पण बोललो, नवा किट परत घेऊन वरचे पैसे भरून ३२-३२ देतो म्हणतोय. मग बायोस अपडेट आत्ताच करू की नवीन रॅम लावल्यावर?

घोडबंदरवाला:
आत्ताच कर, पण आधी बायोस डिफॉल्टवर आण. ४८०० चं सेटिंग तसंच ठेवून अपडेट करू नकोस, मधेच हँग झालं तर बोर्ड जाईल.