टाकीच्या बोर्डावरचा पॉलिफ्यूज दुपारी आपोआप ट्रिप होतोय

घणसोलीकर:
नमस्कार मंडळी, रबाळे एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, सोसायट्यांच्या पाण्याच्या टाकीचे कंट्रोलर बनवतो. १२ व्होल्ट १ ऍम्पियरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), दोन रिले (विजेवर चालणारे स्विच), एक जीएसएम मॉड्यूल (एसएमएस पाठवणारं) आणि टाकीतून येणारी फ्लोट सेन्सरची वायर. पावसात ती वायर कुठेतरी सोलते, शॉर्ट होते, काचेचा फ्यूज उडतो, मग वॉचमनचा फोन येतो आणि एक फ्यूज बदलायला मी ऐरोलीहून थेट घोडबंदरला. म्हणून यंदा सप्लायच्या तोंडाशीच ०.५ ऍम्पियरचा पॉलिफ्यूज (जास्त करंटने तापून ट्रिप होणारा, पण गार झाला की बदलावा न लागता परत चालणारा फ्यूज) टाकला, बोर्ड ३८० मिलिऍम्पियरच खातो. पण मे महिन्यात गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीत दुपारी दोन-तीनला शॉर्ट नसतानाही बोर्ड बंद. संध्याकाळी सप्लाय काढून लावला की चालू. माल डुप्लिकेट लागला का?

वागळे_बेंच:
माल ठीकच असणार हो. ०.५ हा होल्ड करंट, म्हणजे ट्रिप न होता तो सतत वाहू देतो तेवढा करंट, साधारण २३ डिग्रीचा असतो. आत प्लास्टिकमध्ये कार्बनचे कण असतात, गरम झालं की प्लास्टिक फुगतं, कणांची साखळी तुटते आणि रेझिस्टन्स एकदम चढतो. आता ती उष्णता करंटची की उन्हाची, त्याला काय कळणार? पेटीत ६० डिग्री झालं तर होल्ड ०.३२ च्या आसपास येतो, तुमचे ३८० त्याच्या वरच गेले. डेटाशीटमध्ये तापमानाचा तक्ता असतो तो आधी बघत जा.
आणि घाईघाईने ०.९ वाला लावू नका. त्याला ट्रिप व्हायला साधारण दुप्पट म्हणजे १.८ लागतो आणि तुमचा सप्लाय १ ऍम्पियरचा, तो आधीच मान टाकेल. फॉल्ट सेन्सरच्या वायरीत येतो ना, मग पॉलिफ्यूज तिथेच, फक्त त्या लाईनला लावा, ०.१ ऍम्पियरचा. काही मिलिऍम्पियरच्या लाईनला ६० डिग्रीतही तो पुरतो, आणि शॉर्ट झाला तरी बाकी बोर्ड जिवंत राहतो.

सानपाडा_रिपेअर:
एक सांगा, पावसासाठी बोर्डावर इपॉक्सी ओतता का? पॉलिफ्यूजवर घट्ट इपॉक्सी अजिबात नको, त्याला फुगायला जागाच मिळाली नाही तर नीट ट्रिप होत नाही. आणि २३० व्होल्टच्या बाजूला काचेचाच फ्यूज राहू द्या, १२ व्होल्टच्या लाईनसाठी आणलेला पॉलिफ्यूज तिथे लावणं जिवावर बेतेल.

घणसोलीकर:
इपॉक्सी ओततोच, बरं झालं विचारलंत 🙏 आता तेवढी जागा मोकळी सोडतो. काल एका बोर्डवर ०.१ वाला सेन्सर लाईनला लावून बघितला, स्क्रू-ड्रायव्हरने वायर शॉर्ट केली, पिवळी चकती बोट ठेववेना इतकी तापली पण रिले आणि जीएसएम चालूच. शॉर्ट काढल्यावर सप्लाय बंद न करताच थोड्या वेळात सेन्सर परत आला. फक्त मीटरवर आधी ३ ओहम होते ते आता ५ दाखवतंय, खराब झाला का?

वागळे_बेंच:
नाही, ट्रिप झाल्यावर रेझिस्टन्स थोडा वाढलेलाच राहतो. १० मिलिऍम्पियरला ५ ओहम म्हणजे ०.०५ व्होल्टचा ड्रॉप, सेन्सरला काही फरक नाही. फक्त प्रोग्राममध्ये सेन्सर शॉर्ट वाटला की मोटर बंद आणि सेक्रेटरींना एसएमएस, एवढं घालाच, नाहीतर टाकी रात्रभर वाहत राहील.