आईच्या बीपीच्या गोळीने पाय सुजतायत, हे पेशंटने स्वतः कुठे कळवता येतं का?

रातराणी: आई ६७ वर्षांची. अ‍ॅम्लोडिपिन ५ चालू होती तोवर काही नव्हतं, दिवाळीनंतर बीपी वरच राहतंय म्हणून १० केली आणि पंधरा-वीस दिवसांत पाय सुजायला लागले. सकाळी ठीक असतात पण संध्याकाळी जोडवी रुतलेली, मागच्या आठवड्यात साबण लावून काढावी लागली (जोडवी काढली म्हणून दिवसभर चिडचिड ती वेगळीच). किडनी, हार्ट तपासून झालं, नॉर्मल. डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली, आता रात्री चार वेळा उठते आणि सूज आहे तशीच. गोळीमुळे असेल का विचारलं तर म्हणाले, या वयात होतं. हे आपण कळवू शकतो का, की ते डॉक्टरांचंच काम?

गोळीबार: मी फार्मासिस्ट आहे. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्याशी सूज येणं अगदी माहितीतलं आहे आणि डोस वाढला की जास्त येते. बारीक रक्तवाहिन्या सैल पडून पाणी बाहेर झिरपतं, अंगात पाणी साठलेलं नसतं, म्हणून लघवीच्या गोळीने फारसा फरक पडत नाही. पण मनाने बंद करू नका, डॉक्टरांना 'डोस वाढवल्यावर सुरू झालं' एवढं तारखेसकट सांगा.
कळवायचं तर पेशंट, नातेवाईक कोणीही कळवू शकतं. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम आहे, गाझियाबादहून चालतो, त्याची हेल्पलाइन १८००-१८०-३०२४, टोल फ्री, सोमवार ते शुक्रवार. फॉर्म मराठीतही आहे. पेशंटच्या नावाची आद्याक्षरं, वय, औषध कधी सुरू केलं, त्रास कधी सुरू झाला, जमल्यास बॅच नंबर. गोळीमुळेच झालं हे सिद्ध करावं लागत नाही, नुसता संशय पुरतो. आणि ही डॉक्टरांविरुद्ध तक्रार नाही हो, लोक तिथेच घाबरतात.

चहाबाज: आमच्या बाबांना रामिप्रिलने (तीही बीपीचीच गोळी) कोरडा खोकला, चार महिने काढा, मध, ज्येष्ठमध, एक्स-रे, सगळं झालं, शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली आणि तीन आठवड्यांत खोकला गायब. कळवायचं वगैरे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. पण खरं सांगा, कळवून काय होणार, गाझियाबादहून कोणी येणार आहे का सूज उतरवायला?

गोळीबार: @चहाबाज नाही येणार :) उपचार तुमच्या डॉक्टरकडेच. पण २०१० पासून हा कार्यक्रम चालू आहे, गाझियाबादला फार्माकोपिया कमिशनकडे (औषधांचे दर्जे ठरवणारी सरकारी संस्था) सगळे रिपोर्ट जमतात आणि त्यातूनच इशारे निघतात. २०२३ च्या शेवटी मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल निघाला होता, पाळीत पोट दुखलं की घेतात ती. क्वचित अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांवरही परिणाम होतो म्हणून लक्ष ठेवायला सांगितलं. असे रिपोर्ट आलेच नसते तर कोणाला कळलं असतं?

रातराणी: थँक्यू सगळ्यांना. तारखा लिहून घेऊन गेले तर डॉक्टरांनी न कुरकुरता परत ५ केली, जोडीला दुसरी गोळी दिली, लघवीची बंद. सूज उतरतेय. फॉर्मही भरायला घेतला पण बॅच नंबरपाशी अडले, कारण आई पाकीट आलं की कात्रीने एकेक गोळी सुटी कापून डबीत ठेवते आणि छापलेला तुकडा कधीच कचऱ्यात गेलेला. ती जागा तशीच रिकामी सोडून पाठवला.