जळगावात रो हाऊस घेतोय, ब्रोकर म्हणतो "वकील आपलाच आहे". काय करू?

पाचोरेकर_पुण्यात
मंडळी नमस्कार. मी मूळचा पाचोऱ्याचा, नोकरी पुण्यात. आईवडील दोघंही सत्तरीच्या पुढे गेले, दर पंधरा दिवसांनी डॉक्टरसाठी जळगाव करावं लागतं, म्हणून त्यांना जळगावातच घर घेऊन द्यायचं ठरवलंय. पिंप्राळ्याकडे एक जुनं रो हाऊस बघितलं, ४६ लाखात सौदा बसतोय. घर ज्यांनी घेतलं होतं ते काका वारले, आता त्यांची तीन मुलं विकताहेत, आणि दोन मुली आहेत, एक सुरतला दिलेली एक साक्रीकडे. बहिणींचं काय असं ब्रोकरला विचारलं तर म्हणे त्यांचं काही म्हणणं नाही साहेब, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी येतील तेव्हा सह्या घेऊन टाकू, तुम्ही तोवर साठेखत, म्हणजे खरेदीच्या आधीचा करार, करून मोकळे व्हा. वकीलही त्याचाच, सर्च (जुन्या नोंदी तपासणं) आणि खरेदीखत मिळून ५ हजार, आणि मालकांचाही तोच वकील.

२५ लाखाचं लोन करतोय, तर बँकेचा वकील बघेलच ना कागद, मग मी वेगळा कशाला लावू असं बायको म्हणते. मामा म्हणतात आपल्या ओळखीचे एक आहेत, पण ते फौजदारीवाले. पुण्यातला मित्र म्हणतो पुण्याचाच लाव, तिकडचे सगळे एकमेकांचे असतात. आता वकील निवडायचा कसा, फी किती, कुणाचं ऐकू? ११ हजार टोकन फोनपे केलंय, पावती नाही, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे शिव्या एकदाच मिळतील.

देवपूरचे_काका
शिव्या देत नाही, पण पावती घे बाबा. मी धुळ्यात बँकेत बत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीच कर्ज विभागात, म्हणून बायकोच्या प्रश्नाचं आधी सांगतो. पॅनलवरचा, म्हणजे बँकेनं नेमलेला, वकील बँकेसाठी बघतो. फी तुझ्या खात्यातून जाते पण रिपोर्ट बँकेला जातो, आणि बँकेचा प्रश्न एवढाच असतो की उद्या हप्ते थकले तर हे घर विकून आपले २५ लाख निघतील का. तुझे वरचे २१ लाख, तुझ्या आईबापाची त्या घरातली झोप, हा त्याचा विषयच नाही. काही वकील मनापासून बघतात, नाही म्हणत नाही. पण दिवसाला पाच फायली उरकणारेही मी पाहिलेत, तोच मजकूर, फक्त नाव आणि गट नंबर बदललेला, एकदा तर चतुःसीमा मागच्या फाइलीतली तशीच राहिली होती.

रिपोर्टची कॉपी मात्र बँकेकडे माग, द्यायला हरकत नसते. ती तुझ्या वकिलाच्या हातात दे आणि विचार यात काय बघायचं राहिलंय. या एका प्रश्नावर वकिलाची पारख होते.

शिरपूरी_बाणा
भाऊ कसाले जोयजे वकील? आमच्याकडे रजिस्टर ऑफिसच्या बाहेर स्टॅम्पवाले भाऊ बसतात, २ हजारात खरेदीखत टाइप करून साक्षीदारासकट देतात. आमची चार खरेद्या तशाच झाल्या, काही झालं नाही.

देवपूरचे_काका
शिरपूरी भाऊ, काही झालं नाही म्हणजे अजून झालं नाही. दस्तलेखकाचं काम दस्त लिहायचं, ते लोक ते चांगलंच करतात, कित्येक नव्या वकिलांपेक्षा चांगलं. पण विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे का हे ते बघत नाहीत, त्यांनी बघावं अशी अपेक्षाही नसते. आणि रजिस्टर ऑफिसातला दुय्यम निबंधकसुद्धा मालकीची हमी देत नाही हे पण ध्यानात ठेव, दस्त रजिस्टर झाला म्हणजे सरकारनं मालकीवर शिक्का मारला असं आपल्याकडे निम्म्या लोकांना वाटतं.

नंदुरबारची_सून
लोकल की पुण्याचा यावर माझा अनुभव सांगते, थोडं लांबेल.

आम्ही नंदुरबारजवळ प्लॉट घेत होतो, एन ए (बिनशेती) झालेला, लेआउट मंजूर, सगळं चकाचक. सासऱ्यांनी नाशिकचे वकील केले कारण दिरांचं ऑफिस तिकडे. त्यांनी आत्ताचा सात बारा बघितला, इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या दस्ताचा उतारा) काढला, क्लियर म्हणून लेखी दिलं, १५ हजार घेतले. तारीखही ठरली होती. मग मिस्टरांच्या मित्रानं सहज सांगितलं म्हणून शहाद्याच्या एका वयस्कर वकिलांना कागद दाखवले. ऑफिस म्हणजे दोन खुर्च्या आणि एक पंखा. त्यांनी सात बारा बघून बाजूलाच ठेवला आणि म्हणाले जुने फेरफार, म्हणजे सात बारावरची नावं कशी बदलली त्या नोंदी, आणा, हाताने लिहिलेले. त्यासाठी आम्ही तलाठी आप्पांकडे आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूमला आठ दिवस हेलपाटे घातले. तर निघालं काय, मूळ खातेदार आदिवासी. आमच्याकडे हे लहान पोराला पण माहीत असतं की आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, महसूल कायद्याचं कलम ३६अ, आणि ती परवानगी कुठे कागदातच नव्हती. मधे दोनदा विक्री झालेली, एन ए पण झालेलं, पण मुळातच गाठ मारलेली.

नाशिकचे वकील काही खोटारडे नव्हते. फक्त आमच्या भागात कुठली शंका आधी काढायची ते त्यांच्या डोक्यात नव्हतं. शहाद्याच्या वकिलांनी फी घेतली ३ हजार, आणि प्लॉट घेऊ नका म्हणाले म्हणजे पुढचं खरेदीखताचं काम पण त्यांचं गेलं. तेव्हापासून आमच्या घरातलं सगळं त्यांच्याकडेच.

पिंप्राळ्यात तुम्हाला ही अडचण येईल असं नाही दादा, तिकडच्या भानगडी वेगळ्या असतील. पण त्या तिकडच्याच माणसाला माहीत असतात ना.

भुसावळ_जंक्शन
ताई बरोबर. जळगाव भुसावळची भानगड विचाराल तर पतसंस्था. माझ्या शालकानं घर घेतलं, बँकांचा कुठलाच बोजा नव्हता, सगळे खूश. दोन वर्षांनी एका पतसंस्थेची वसुलीची नोटीस दारावर. आधीच्या मालकानं भावाच्या कर्जाला हे घर तारण दिलेलं होतं आणि पतसंस्था स्वतःच डबघाईला आलेली, कुणाला भेटायचं तेच कळेना. तेव्हा विकणारा मूळ खरेदीखत न दाखवता झेरॉक्सच पुढे करत होता आणि आमच्या वकिलानं एकदाही विचारलं नाही की मूळ कुठाय. वकील कुणी दिलेला? ब्रोकरनं. पुढं काय बोलू भो.

अमळनेर_ते_लेस्टर
मी इकडे इंग्लंडात गेल्या वर्षी घर घेतलं. इकडे घेणाऱ्याचा सॉलिसिटर वेगळा आणि विकणाऱ्याचा वेगळा, आणि दोघांच्या करारांची अदलाबदल होईपर्यंत कुणीही मागे फिरू शकतो. महिनोन महिने ईमेल चालतात, वैताग येतो. पण दोघांचा एकच माणूस ही गोष्ट मी इथल्या लोकांना सांगितली तर ते हसतील. जळगावात सॉलिसिटर कोण आहे का रे चांगला?

तालुका_कोर्ट
लेस्टरवाले भाऊ, सॉलिसिटर ही मुंबईची चीज, तिथे त्याची वेगळी परीक्षा असते. आपल्याकडे सगळे वकीलच, काळा कोट आणि सनद.

मी स्वतः वकील आहे, खान्देशातल्याच एका तालुक्याला, पण काम मागायला आलो नाही. आम्हाला जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदीच आहे. त्यामुळे "१००% क्लियर टायटल, आजच फोन करा" असं पोस्टर कुणी वकील व्हॉट्सअॅपवर फिरवत असेल तर त्याच्यापासून तिथेच सावध व्हा.

पाचोरेकर, तुमची सगळ्यात मोठी अडचण वकिलाची नाही, बहिणींची आहे, आणि वकील चांगला का वाईट हे तुम्हाला बहिणींवरूनच कळेल. लोक लगेच २००५ चा कायदा काढतात. तो वडिलोपार्जित मिळकतीतल्या मुलींच्या हक्काचा. इथे काकांनी घर स्वतः विकत घेतलं असेल आणि मृत्युपत्र केलं नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच मुलगा मुलगी सारखे वारस. काकू हयात असतील तर त्यांचाही तेवढाच हिस्सा, तुम्ही काकूंचं नावच घेतलं नाही म्हणून सांगतो. भावांनी वारस नोंद करताना प्रॉपर्टी कार्डावर फक्त तिघांची नावं लावली असली तरी बहिणींचा हिस्सा उडत नाही, नोंदीने मालकी येतही नाही आणि जातही नाही. आखाजीला येतील तेव्हा सह्या घेऊ हे वाक्य मी दर वर्षी ऐकतो. बहिणी आखाजीला येतात, झोका खेळतात, पुरणपोळी खातात आणि जाताना भावाला सांगून जातात की सही करणार नाही. आणि करू पण का, चूक काय आहे त्यांची?

बहिणींना हिस्सा सोडायचाच असेल तर हक्कसोड पत्र रजिस्टर झालं पाहिजे, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेलं संमतीपत्र चालणार नाही. त्यापेक्षा सरळ त्यांना खरेदीखतात लिहून देणार, म्हणजे विकणारे, म्हणून घ्या आणि त्यांचे पैसे त्यांच्या खात्यावर टाका. सुरतहून भुसावळची गाडी आहे, एक दिवसाचं काम आहे. सही एकाच दिवशी सगळ्यांना जमलीच पाहिजे असंही नाही, दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला हजर करता येतो. पेपरात जाहीर नोटीस द्याच, पण सुरतच्या ताई काही देशदूत वाचत नसतील, नोटिशीला हरकत आली नाही म्हणजे ताईंनी हक्क सोडला असं कोर्ट म्हणणार नाही.

आता वकिलाचं. तिघा भावांचं काम ज्यानं घेतलंय तो त्याच व्यवहारात तुमचा असू शकत नाही, ब्रोकर काहीही म्हणो. एका बाजूला सल्ला दिल्यावर दुसऱ्या बाजूने उभं राहायचं नाही असा आमचा नियम आहे, खरेदी विक्रीत तो सर्रास डोळ्याआड करतात. तुम्ही जळगाव कोर्टात एक चक्कर मारा आणि दिवाणी काम करणारा शोधा, मामांच्या फौजदारीवाल्यांनाच विचारा की तुमच्या स्वतःच्या घराचे कागद तुम्ही कुणाला दाखवले, ते नाव खरं निघतं. त्या माणसाला भेटलात की तो आधी काय मागतो ते बघा. मूळ खरेदीखत, तीस वर्षांचा सर्च, वारसांची पूर्ण यादी, काकांचा मृत्यूचा दाखला, महापालिकेची बांधकाम परवानगी आणि घरपट्टी मागत असेल तर बसा. पहिल्याच मिनिटात "होऊन जाईल" म्हणाला तर चहा पिऊन उठा. सर्च ऑनलाइन होतो हे खरं, पण जुन्या हाताने लिहिलेल्या बुकांसाठी ऑफिसला जाऊनच बसावं लागतं आणि तो सर्च जुनियरने केला की कुणीच नाही केला हे सर्चच्या फीची पावती मागितली की कळतं. मत लेखी घ्या, त्यात कुठले कागद बघितले त्याची यादी पाहिजे, नाहीतर उद्या म्हणतील हे तुम्ही दाखवलंच नव्हतं.

फी ठरवून घ्या, ठराविक रक्कम. सौद्याच्या टक्क्यावर बोलत असेल तर त्याला व्यवहार व्हावाच असं वाटणार, तो तुम्हाला घेऊ नका कसं म्हणेल?

जाता जाता, घर फक्त आईंच्या नावावर घेतलंत तर स्टॅम्प ड्युटीत बाईमाणसाला १ टक्का सूट आहे, म्हणजे तुमचे ४६ हजार वाचतात. लोन तुमच्या नावावर असेल तर बँकेला आधी विचारा.

शिरपूरी_बाणा
वकील साहेब आमच्या चार खरेद्यांपैकी दोनमध्ये आत्यांच्या सह्या नाहीत. आता झोप उडाली.

तालुका_कोर्ट
त्या आत्यांना आधी फोन करा, वकिलाला मग.

पाचोरेकर_पुण्यात
अपडेट देतो, खूप उशीर झाला, माफ करा. शनिवारी रजा टाकून जळगावला गेलो. मामांच्या ओळखीच्यांनीच एक दिवाणीवाले सुचवले, साठीचे आहेत, फी ९ हजार, अर्धी आधी अर्धी रिपोर्ट दिल्यावर, पावती दिली. पहिलाच प्रश्न काकू आहेत का. आहेत! ब्रोकर बोललाच नव्हता. धाकट्या मुलाकडे असतात. दुसरा प्रश्न मूळ खरेदीखत. मोठा भाऊ म्हणाला कपाटात आहे, मग म्हणाला लॉकरला आहे, मग म्हणाला शोधतो.

वकिलांनी माझ्यासमोरच स्पीकरवर सुरतच्या ताईंना फोन लावला, नंबर साक्रीच्या ताईंनी दिला. मला वाटलं भांडण होईल. पण त्या बाई दोन मिनिटं काहीच बोलल्या नाहीत, मग एवढंच विचारलं, घर विकताहेत? कधी ठरलं? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. खरं सांगतो, मी घेणारा माणूस, मलाच कसंतरी झालं.

तर साठेखत थांबवलंय. वकील म्हणाले घर चांगलं आहे, काकूंसकट सगळे वारस सहीला आले आणि मूळ दस्त दिसला तर घ्या, घाई नाही. आई म्हणते त्या पोरींना हिस्सा मिळाला तरच त्या घरात राहायला जाईन. बायको आता बँकेच्या वकिलाचं नाव काढत नाही. फक्त माझे टोकनचे ११ हजार मागतोय तर ब्रोकर फोन उचलत नाही.

भुसावळ_जंक्शन
आखाजीला देईल.